उल्केवरून बोलणाऱ्या मशीनबाई

कानाची मशीनं बसवून देणाऱ्या दुकानात बाई बावीस वर्षं काम करत होत्या, म्हणून त्यांना सगळे मशीनबाई म्हणत. खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं हळूहळू कमी होत गेली, आणि बाईंनीही त्याचा फारसा शोक केला नाही.

दुकान एका दवाखान्याच्या तळमजल्यावर होतं. आत काचेची एक लहान खोली, भिंतींना जाड स्पंज लावलेला. गिऱ्हाइकाला तिथे बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे, एकेक बारीक आवाज सोडायचा आणि ऐकू आला की बोट वर करा म्हणून सांगायचं. निम्मी माणसं आवाज नसतानाच बोट वर करत. उरलेली आवाज स्पष्ट ऐकू आल्यावर बोट खालीच ठेवून, ‘हाच का तो?’ असं विचारत. महिन्याने कुणीतरी तक्रार घेऊन येई की मशीन बंद पडलं. बाई नळीत अडकलेला मळ सुईने काढत आणि मशीन सुरू करून देत. तो माणूस मग जाताना बजावून जाई की पुढच्या वेळी चांगला माल द्या.

हे सगळं बाई शांतपणे सोसत. दुकानातल्या मुली त्यांच्या सहनशीलतेचे गोडवे गात. पण बाईंच्या सहनशीलतेला कोटा होता, आणि तो संध्याकाळी सहापर्यंत दुकानातच संपे. घरी जो शिल्लक राही तो फक्त वैताग.

त्याचा मोठा वाटा नवऱ्याच्या पदरात पडे. नवरा छापखान्यात मशीनवर होता, मागच्या वर्षी निवृत्त झाला. माणूस लाख चांगला. कुणाचं वाईट चिंतायचं नाही, पडेल ते काम करायचं, बायको दमून आली की न सांगता चहा ठेवायचा. पण सांगितलेलं एक वाक्य त्याच्या डोक्यात आहे तसं कधी पोचत नसे. जिरे आणा म्हटलं की मिरे येत. कान तर ठणठणीत होते. बाईंनी स्वतः दोनदा तपासले होते.

आता रेडिओचं. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासरे जहाजावरच्या वायरलेसच्या नोकरीतून नुकतेच घरी बसले होते. त्यांना रेडिओवाचून चैन पडेना, म्हणून त्यांनी घरून हौसेखातर रेडिओवर बोलण्याचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढला आणि मुलाला शिकायला बसवलं. मुलगा तिसऱ्या दिवशी कॅरम खेळायला निघून गेला तो परत आलाच नाही. ओट्याशी भाजी चिरणारी सून मात्र पाठ करून उभ्या उभ्या सगळं टिपत होती. एकदा सासऱ्यांनी टेबलावर बोटाने मोर्सच्या ठोक्यांत काहीतरी वाजवलं, आणि सुनेने पातेल्यावर चमचा वाजवून उत्तर दिलं की चहा संपलाय. सासरे उठून आत गेले आणि आपला जुना हेडफोन आणून तिच्या हातात ठेवला. त्यानंतर सहा महिन्यांत बाईंनी परीक्षा दिली आणि त्यांचा स्वतःचा परवाना आला. त्यावर रेडिओवर नावाऐवजी सांगायचं, त्यांचं स्वतःचं बोलावण्याचं चिन्ह होतं, चार अक्षरं आणि एक आकडा. सासरे गेले त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

जाण्याआधी त्यांनीच बाईंना उल्कांचा नाद लावला. वाळूच्या कणाएवढे खडे आकाशातून सतत पडत असतात. वर हवेत शिरले की ते जळतात आणि मागे एक रेघ सोडतात. दिवसा आपल्याला ती दिसत नाही, पण असते. त्या रेघेवर रेडिओचा संदेश आपटला तर चेंडूसारखा परततो आणि दीड-दोन हजार किलोमीटरवर जाऊन पडतो. अडचण एवढीच की रेघ टिकते अर्धा सेकंद. फार तर दोन. क्वचित कधी दहा. मग दोन्हीकडच्यांनी काय करायचं, तर एकाने पंधरा सेकंद तोच तोच संदेश पाठवत राहायचा आणि दुसऱ्याने ऐकायचं, पुढचे पंधरा सेकंद उलट. मध्ये कधीतरी योग्य जागी खडा पडेल या भरवशावर. बोलणंही ठरलेलं: आधी दोघांची चिन्हं, मग आवाज किती चांगला येतोय त्याचा आकडा, मग ‘तुमचा आकडा मिळाला, हा घ्या माझा’, आणि शेवटी दोघांनीही ‘मिळालं’. ते शेवटचं ‘मिळालं’ हाती आलं नाही तर आधीचं सगळं फुकट. आणि हे चालू असताना दुसऱ्या कुठल्याही मार्गाने, फोनवरून किंवा आणखी कशावरून, काय मिळालं नि काय राहिलं हे विचारायचं नाही. हा नियम सगळ्यात मोठा.

दरवर्षी उल्कांचा भर असतो तेव्हा चोवीस तासांची स्पर्धा असे. शनिवारी सकाळी दहा ते रविवारी सकाळी दहा. बाई सात वर्षं भाग घेत होत्या आणि पंधरा ते पंचवीस यांच्या मधे कुठेतरी नंबर येई. त्यांना नंबराचं काही नव्हतं. त्यांना हवे होते दीपगृहवाले.

दीपगृहवाले म्हणजे एकोणीसशे किलोमीटरवर, समुद्राकाठी राहणारे एक म्हातारे गृहस्थ. पूर्वी दीपगृहावर कामाला होते. चार वर्षं त्यांचा आणि बाईंचा प्रयत्न चालू होता आणि चारही वर्षं घोडं शेवटच्या पायरीवर अडलं होतं. एकदा बाईंकडे वीज गेली, एकदा त्यांच्याकडे वादळ झालं, दोनदा नुसताच खडा पडला नाही. वेळ ठरवण्यापुरती दोघांची फोनवर ओळख होती. त्यांचा नंबर फ्रिजच्या दारावर चिकटवलेला असे. या वर्षी त्यांनी आधीच कळवलं होतं की पुढच्या महिन्यात मुलीकडे राहायला जातोय, गुडघे चालत नाहीत. तिथे अकराव्या मजल्यावर अँटेना लावू देत नाहीत. तेव्हा ही शेवटचीच खेप.

म्हणून बाईंनी शनिवारची सुट्टी महिनाभर आधी मागून ठेवली. अँटेना गच्चीवर होती, लांब दांडी आणि तिला आडव्या नऊ काड्या. शेजारीण तिच्यावर चादरी वाळत घालते हे बाईंनी कितीदा बोलून दाखवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी त्या वर गेल्या तेव्हा नवव्या काडीवर एक पायमोजा होता. त्यांनी तो काढला, घडी घातली, शेजारणीच्या दाराच्या कडीला अडकवला आणि एक शब्द न बोलता खाली आल्या. त्या दिवशीचा कोटा तिथेच संपला.

शनिवारी दहाला स्पर्धा सुरू झाली आणि रेडिओ लावताच हेडफोनमध्ये खरखर. साधी नव्हे, कुणी पत्र्यावर खिळा ओढतंय तशी. रेडिओला जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर हिरव्या रंगाचा चिखल झाला होता. त्या चिखलात अर्ध्या सेकंदाचा संदेश सापडणं शक्यच नव्हतं. बाईंनी सगळ्या तारा तपासल्या. खरखर तशीच. मग त्यांच्या डोक्यात खालच्या मजल्यावरचे हेडमास्तर आले.

हेडमास्तर निवृत्त होते आणि इमारतीच्या कमिटीचे सचिव होते. अँटेनेमुळे आपल्या टीव्हीवर माणसं हिरवी दिसतात असा लेखी अर्ज त्यांनी तीनदा दिला होता. गेल्याच आठवड्यात त्यांनी जिन्यात आणि घरात नवे दिवे बसवले होते, आणि स्वस्तातले दिवे रेडिओच्या जिवावर उठतात हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या तरातरा खाली गेल्या. दार उघडताच त्यांनी हेडमास्तरांना सुनावलं की तुमच्या दिव्यांनी माझा दिवस नासवला. हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि पुरावा मागितला. बाई म्हणाल्या, मेन स्विच बंद करा, पुरावा दोन मिनिटांत देते. हेडमास्तरांच्या पत्नीचा फ्रिज, त्यांची स्वतःची दाढी अर्धवट, सगळं बाजूला ठेवून त्या घराने दहा मिनिटं वीज बंद ठेवली. बाई धावत वर आल्या, हेडफोन चढवला.

खरखर तशीच होती. तसूभरही कमी नाही.

आता काय करावं? त्यांनी हातातला छोटा रेडिओ घेतला आणि आपल्याच घरात फिरू लागल्या. दिवाणखान्यात आवाज वाढला. सोफ्याजवळ किंचाळू लागला. सोफ्यावर नवरा पेपर वाचत बसला होता, आणि त्याचे दोन्ही पाय एका निळ्या, गुरगुरणाऱ्या डब्यात होते. पाय दाबायचं यंत्र. परवाच आणलेलं.

“हे कधीपासून चालू आहे?” बाईंनी विचारलं.

“सकाळपासून. फार आराम पडतो गं. तू पण बस ना थोडा वेळ.”

बाईंनी वाकून प्लग उपटला. हातातला रेडिओ गप्प झाला. महिन्याभरापूर्वी त्यांनी घरात स्वच्छ सांगितलं होतं की स्पर्धेच्या दोन दिवसांत कुठलंही नवं यंत्र लावायचं नाही. नवऱ्याला ते आठवत होतं. त्याच्या मते हे यंत्र नव्हतंच, औषध होतं.

पुढचं काम याहून वाईट. बाई पुन्हा खाली गेल्या. अर्ध्या गालाला साबण लावलेले हेडमास्तर बंद दिव्याखाली खुर्चीवर बसले होते. बाईंनी माफी मागितली. दोष आमच्याच घरातला निघाला, असं स्पष्ट सांगितलं, आडवळणं घेतली नाहीत. हेडमास्तरांनी गालावरचा साबण पुसला. मग त्यांनी हे लेखी मिळेल का असं विचारलं. बाईंनी त्यांच्याच वहीच्या पानावर लिहून सही करून दिली. जिना चढताना कान तापले होते.

शनिवार असा गेला. दुपारी आणि संध्याकाळी उल्का कमीच. जवळपासची सात-आठ चिन्हं हाती लागली. दीपगृहवाल्यांची खूण दोनदा चमकून गेली, पण अक्षरं जुळली नाहीत. खरा भर पहाटे सहाच्या सुमारास असतो, म्हणून बाई लवकर झोपल्या आणि साडेपाचला उठून बसल्या. नवऱ्याला त्यांनी एकच काम दिलं: काहीही करू नका.

सहा ते आठ मस्त गेले. खडे भराभर पडत होते. पडद्यावर टिक, टिक, उजळ रेघा येत होत्या. एकेक चिन्ह पूर्ण होत गेलं. आठ वीसला दीपगृहवाल्यांची हाक स्वच्छ आली, बाईंच्या चिन्हासकट. बाईंनी आकडा पाठवायला सुरुवात केली. पंधरा सेकंद पाठवा, पंधरा ऐका. पाठवा, ऐका. पावणेनऊला त्यांचं उत्तर आलं, ‘तुमचा आकडा मिळाला, हा घ्या माझा.’ एवढ्या लवकर आजवर कधीच झालं नव्हतं. बाईंनी नियमाप्रमाणे ‘मिळालं’ पाठवायला लावलं. पण समोरून त्याची पोच यायला हवी होती, आणि ती येईना. पंधरा सेकंद, तीस, दहा मिनिटं, वीस मिनिटं. बाहेर ऊन चढलं होतं. बाईंचं अंग आखडून गेलं. चहाचा कप तसाच निवला.

नवरा दाराशी येऊन उभा राहिला, बघून गेला, पुन्हा आला. कालच्या प्रकाराने तो खजील होता. बायको पडद्याकडे बघत ओठ चावतेय हे त्याला बघवेना. तो आत स्वयंपाकघरात गेला. पाचेक मिनिटांनी हसत हसत बाहेर आला.

“झालं गं तुझं काम,” तो म्हणाला. “मी त्यांना फोन केला. त्यांना तुझं सगळं मिळालंय. मघापासून पोचच पाठवतायत म्हणाले.”

बाईंनी मान वळवली नाही.

“ऐकलंस का? मिळालंय त्यांना. आता आराम कर.”

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला फोन करायला?”

“कुणी कशाला सांगायला हवं? तू अशी बसलेली—”

त्याच क्षणी पडद्यावर रेघ उमटली. लांबलचक, दोन सेकंदांची. तिच्या खाली अक्षरं आली. दीपगृहवाल्यांचं चिन्ह, बाईंचं चिन्ह, आणि ‘मिळालं’.

चार वर्षांत जे आलं नव्हतं ते आलं, आणि आलं ते फोन झाल्यावर दीड मिनिटाने. बाईंनी कपाळावर हात मारला. नवऱ्याला वाटलं आनंदाने मारला. तो म्हणाला, बघ, आलंसुद्धा. तेव्हा मात्र बाईंचा बांध फुटला. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी हळू आवाजात, एकेका शब्दावर जोर देत, बहिऱ्या गिऱ्हाइकाला समजावतात तसा नियम समजावला. फोनवर जे कळलं ते रेडिओवर मिळालं असं म्हणता येत नाही. आता हा संपर्क वहीत लिहिला तर ती लबाडी. नाही लिहिला तर चार वर्षं वाया.

नवरा म्हणाला, “पण कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना. तुम्हीच सांगितलंत.”

तो वेताच्या मोड्यावर बसला. चेहरा पडला होता. बाईंना त्याची दयाही आली आणि तो मोडा उचलून गच्चीवरून खाली टाकावासाही वाटला. आपण काय कमी केलं होतं काल? हेडमास्तरांच्या घरची वीज बंद करून आलो ती कुठल्या पुराव्यावर? हा विचार मनात आला तसा त्यांनी तो ढकलून दिला. ती वेळ नव्हती. घड्याळात नऊ वाजून सोळा मिनिटं झाली होती.

त्यांनी आलेल्या ओळीवर काट मारली आणि संगणक पुन्हा पहिल्या पायरीवर आणला. नुसती हाक: त्यांचं चिन्ह, आपलं चिन्ह. समोरचा माणूस काय करील याची मात्र त्यांना कल्पना नव्हती. त्याच्या बाजूने तर काम झालं होतं. तो कदाचित उठून गेलाही असेल. तो खुशाल वहीत लिहील आणि निकालात दोघांच्या वह्या जुळणार नाहीत.

सात मिनिटांनी एक बारीक रेघ आली. दीपगृहवाले. आकडा नाही, पोच नाही. नुसती हाक, पहिल्या पायरीवरची. त्यांनीही स्वतःहून सगळं पुसून नव्याने सुरुवात केली होती.

“आता काय झालं?” नवऱ्याने घाबरत विचारलं.

“त्यांनीही पहिल्यापासून धरलंय,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी निवलेला चहा पिऊन टाकला.

ऊन चढतं तशा उल्का विरळ होत जातात. साडेनऊ, पावणेदहा. पाठवा, ऐका. नऊ पन्नासला त्यांचा आकडा आला. नऊ अठ्ठावन्नला एक रेघ चमकली पण तिच्यात अक्षरं उमटण्याइतका जीव नव्हता. आणि दहा वाजले. स्पर्धा संपली. यानंतर जे होईल त्याला गुण नाहीत.

नवऱ्याने सुस्कारा सोडला आणि तो उठू लागला. बाई उठल्या नाहीत. पंधरा सेकंद पाठवा, पंधरा ऐका. आता काय उपयोग, असं त्याने विचारलं, तेव्हा बाईंनी त्याला बोट ओठांवर ठेवून गप्प केलं. समोरून पाठवणं चालू आहे की बंद हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. बंद असेल तर त्या एका माणसाला नव्हे, नुसत्या हवेला निरोप देत बसल्या होत्या. पण ज्या गृहस्थांनी कोणी न सांगता पहिल्यापासून सुरुवात केली ते दहाच्या ठोक्याला उठतील असं त्यांना वाटेना.

दहा वाजून सव्वीस मिनिटांनी पोच आली. अर्ध्या सेकंदाची, कडेला थोडी फाटलेली, पण वाचता येण्याजोगी. बाईंनी ती तीनदा वाचली. मग आभाराचा संदेश पाठवायला लावला आणि वहीत आपल्या हाताने ओळ लिहिली. पुढे गुणांच्या रकान्यात शून्य.

“म्हणजे आपण जिंकलो की हरलो?” नवऱ्याने विचारलं.

“जेवायला वाढा,” बाई म्हणाल्या.

दुपारी दीपगृहवाल्यांचा फोन आला. आता बोलायला हरकत नव्हती. त्यांनी बाईंच्या नवऱ्याची विचारपूस केली. ते म्हणाले, फोन आला तेव्हा मी उत्तर द्यायलाच नको होतं, पण कुणी इतक्या काळजीने विचारलं तर नाही कसं म्हणायचं? चूक अर्धी माझी. बाई म्हणाल्या, अर्धी वगैरे काही नाही, ती अख्खी आमच्या घरातली. मग थोडा वेळ दोघंही गुडघ्यांबद्दल बोलले. पुढच्या महिन्यात त्यांनी अँटेना उतरवली आणि एका शाळेला देऊन टाकली, असं त्यांच्या मुलीने कळवलं.

त्या वर्षी बाईंचा नंबर एकविसावा आला. हेडमास्तरांनी बाईंच्या सहीचं पान कमिटीच्या फाइलला लावलं, आणि त्यानंतर टीव्हीवरची हिरवी माणसं, गळका नळ आणि जिन्यातला वास या सगळ्यांबद्दल ते ‘आधी आमच्या घरात तपासलं, मगच अँटेनेचं नाव घेतोय’ असं आदराने सांगून तक्रार करू लागले. बाईंना यातही काही समाधान वाटलं नाही. त्यांना ते टोमण्यासारखं वाटे, आणि कदाचित होतंही.

नवऱ्याने मात्र एक गोष्ट केली. कुणाला न विचारता त्याने हौशी रेडिओच्या परीक्षेचा अर्ज भरला. नियम माहीत असते तर मी फोन केला असता का, असं त्याचं म्हणणं. आता रोज सकाळी तो नियमांचं पुस्तक मोठ्याने वाचतो, आणि दर ओळीला थांबून विचारतो की हे असं का. बाई डबा भरत उत्तरं देतात. काल त्यांनी एकच नियम चौथ्यांदा समजावला. त्याने मान डोलावली, सगळं समजलं म्हणाला, आणि त्याच नियमाबद्दल पाचवा प्रश्न विचारला.